पालिकेच्या निविदेत ‘आम्ही इथलेच’ चालते का?

प्रश्न : आमचा शाळेची बाके बनवण्याचा लघुउद्योग आहे. महापालिकेच्या निविदेत परगावच्या मोठ्या कंपनीने बाकामागे ४,००० रुपये भरले, आम्ही ४,३२०. स्थानिक म्हणून आम्हाला प्राधान्य नको का?

उत्तर : नुसत्या गावच्या पत्त्यावर नाही. सवलत असते ती सूक्ष्म व लघू उद्योगाला, मग तो कुठलाही असो. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सर्वात कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत महाग असलेल्या अशा उत्पादकाला तो कमी दर मान्य करायची संधी मिळते. म्हणजे तुमची मर्यादा ४,६०० होती, तुम्ही आत होता. ४,००० ला तयार झालात तर किमान २५ टक्के माल तुमचा. मात्र सर्वात कमी दर भरणाराही लघुउद्योगच असेल, तर ही संधी नाही.

खरी मेख पुढे आहे. हे धोरण केंद्रीय मंत्रालये आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना बंधनकारक आहे. महापालिकेत निविदेच्या अटींत काय लिहिले आहे ते पाहावे लागते. अट नसेल तर निविदापूर्व बैठकीतच लेखी मागा. दर उघडल्यावर केलेल्या अर्जाला कोणी विचारत नाही.

उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग म्हणून नोंदणीचा दाखला) तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दराच्या नव्हे तर पात्रतेच्या कागदपत्रांतच, जोडा. त्यावर बाकांचे उत्पादन दिसले पाहिजे. नुसती ‘व्यापार’ अशी नोंद असेल तर सवलत हातची जाते. आणि ४,००० ला परवडते का, हा हिशेब दर भरण्याआधीच करून ठेवा.