वाचक विचारतात : एका दिवसात दापोली

प्रश्न : मुलगी बारावी शास्त्र शाखेत आहे. तिला कृषी विद्यापीठ दाखवावे आणि जमले तर मुरूड, हर्णै, आंजर्ले, पन्हाळेकाजीही करावे, असा बेत आहे. चिपळूणहून एसटीने सकाळी निघून रात्री घरी येता येईल का?
— एक पालक, चिपळूण

उत्तर : येता येईल, पण यादी आधी छाटा. दापोलीला जाणाऱ्या बहुतेकांची दापोलीच बघायची राहते. स्टँडवर उतरायचे आणि समुद्राची गाडी पकडायची, एवढाच तिचा उपयोग होतो. मुलीसाठी जाताय, तर अर्धा दिवस गावाला आणि विद्यापीठाला द्या आणि दुपारनंतर एकच ठिकाण धरा. पन्हाळेकाजी तर सोडूनच द्या. ती २९ लेणी कोटजाई नदीच्या खोऱ्यात आडवाटेला आहेत. त्यांना स्वतःची गाडी आणि वेगळा दिवस लागतो.

चिपळूण ते दापोली साठ-पासष्ट किलोमीटर आहे. एसटीला दोन तास धरा, महामार्गावर खोळंबा झाला तर अडीच. परशुराम घाट, लोटे, भरणे नाका इथपर्यंत महामार्ग. खेड सोडले की फुरूस, वाकवलीवरून वळणांचा रस्ता. गाडी लागत असेल तर पोट रिकामे ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. मागच्या चाकांवरचे बाक टाळा. खेडपर्यंत रेल्वेने जाण्यात काही वाचत नाही. स्टेशनातून स्टँडवर जाऊन पुन्हा दापोलीची गाडी शोधण्यात तो वेळ निघून जातो. महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, त्यामुळे मायलेकी गेल्या तर खर्च आणखी कमी.

सकाळी साडेसहा-सातची गाडी धरा. दापोलीत उतरल्यावर पहिले काम परतीचे : फलकावर चिपळूणच्या दोन गाड्या बघून ठेवा, एक पक्की आणि एक तिच्या आधीची. चौकशीच्या खिडकीवरही विचारा, कारण फलकावरची प्रत्येक फेरी रोज सुटतेच असे नाही. दोन्ही हुकल्या तर खेडची गाडी धरा. तिथून चिपळूणकडे जाणारे काहीतरी मिळते.

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांपैकी हे कोकणचे. बाकीची राहुरी, अकोला आणि परभणीला. इथे कामाच्या दिवशीच जा. शनिवार-रविवारी आणि सरकारी सुट्टीला कार्यालये बंद असतात आणि पदरी फक्त झाडांची सावली पडते. आठवडाभर आधी ज्या महाविद्यालयात रस आहे तिथल्या सहयोगी अधिष्ठात्यांच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या प्रमुखांच्या, नावे चार ओळींचा अर्ज पाठवा : कोण येणार, कधी, काय बघायचे आहे. अर्ज असला की सोबत माणूस मिळण्याची शक्यता वाढते, आणि प्रक्षेत्रावर, म्हणजे विद्यापीठाच्या शेतावर, दाखवणारे कोणी नसेल तर कलमांच्या रांगा सगळ्या सारख्याच दिसतात.

कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र आणि कृषी अभियांत्रिकी ही महाविद्यालये दापोलीत आहेत. मत्स्य महाविद्यालय मात्र इथे नाही; ते रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. मुलीचा ओढा मासळीकडे असेल तर ही फेरीच चुकेल. प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतात, तेव्हा तिथे जाऊन ‘जागा आहे का’ हे विचारू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोलू द्या : वसतिगृह कसे आहे, सकाळी शेतावर किती वाजता जावे लागते, पावसात प्रात्यक्षिके कशी होतात.

जून-जुलैत गेलात तर कोय कलम बांधताना बघायला मिळू शकते, आणि ते चुकवू नये. कोय रुजून पंधरवडाही झालेला नसतो, पाने अजून तांबूस असतात. त्या रोपाचा शेंडा छाटून दांड्याला मधोमध चीर देतात, हापूसच्या काडीचे टोक पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळतात. सालीला साल भिडली नाही तर काडी वाळते. जाडी जुळणे म्हणूनच महत्त्वाचे.

दुपारी जेवून आसूदच्या केशवराजच्या देवळाला जा. हर्णै, मुरूड, आंजर्ल्याकडे जाणारी गाडी वाटेत आसूदला थांबते. वाहकाला ‘केशवराजला जायचंय’ एवढे सांगा. सुपारीच्या बागांमधून पाटाच्या कडेने उतरायचे, ओढ्यावरचा पूल ओलांडायचा आणि दाट झाडीतून पायऱ्या चढायच्या. जाऊन-येऊन दीड तास पुरतो. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असते. गुळगुळीत तळाच्या चपला घालू नका.

प्रश्न : विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून आंब्याची आठ-दहा कलमे आणायची आहेत. नुसता हापूस घ्यावा का? आणि एसटीतून आणली तर टिकतील का?
— एक बागायतदार, संगमेश्वर तालुका

उत्तर : नुसता हापूस लावू नका. हापूसला स्वतःच्या परागावर फळधारणा कमी होते, म्हणून दहात एखादे-दुसरे झाड केसर किंवा रत्ना असावे. रत्ना ही याच विद्यापीठाची जात, नीलम आणि हापूसच्या संकरातली. ती दरवर्षी धरते आणि तिच्यात साका, म्हणजे गरातला पांढरट नासका भाग, होत नाही. रत्ना आणि हापूसच्या संकरातून पुढे सिंधू आली. तिची कोय अगदी पातळ असते. घरच्या खाण्यासाठी तिचे एक झाड जरूर घ्या.

निघण्याआधी रोपवाटिकेत फोन करून हवी ती जात शिल्लक आहे का ते विचारा. पाऊस सुरू होताच मागणी वाढते आणि आधी हापूसच संपतो. कलम निवडताना उंचीला भुलू नका. काडी जिथे रोपाला जोडली तो सांधा बघा : तो भरून आलेला हवा, वरची आणि खालची जाडी जवळपास सारखी हवी. पट्टी अजून सालीत रुतलेली असेल तर दुसरे कलम मागा. सांध्याच्या खालून फुटलेली फांदी खालच्या रायवळची, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या गावठी आंब्याची, असते. ती ठेवलीत तर वरचा हापूस मरतो आणि पाच वर्षांनी झाडाला भलताच आंबा लागतो. पिशवीच्या बुडातून मूळ जमिनीत गेलेले असेल, तर उचलताना ते तुटते आणि कलम घरी येऊन मान टाकते.

एसटीत कलमे टिकतात. पाणी आदल्या संध्याकाळी घातलेले असावे. माती कोरडी असली तर मुळांभोवतीचा गड्डा फुटतो, चिखल असला तरी फुटतो. चार-चार पिशव्या गोणपाटात उभ्या बांधा आणि शेंडे सैल सुतळीने एकत्र घ्या. टपावर किंवा मोकळ्या टेम्पोत आणलीत तर वाऱ्याने पाने करपतात, वरून गोणपाट पांघरा. सामानाचे तिकीट पडू शकते, वाहकाशी आधी बोला. घरी आल्यावर लगेच लावू नका. आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. खड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल, दोन कलमांत दहा मीटर अंतर, आणि सांधा मातीच्या वर राहिलाच पाहिजे.

प्रश्न : गुहागरहून दुचाकीने दापोलीला जायचे आहे. धोपावे-दाभोळ फेरीबोट बरी की चिपळूणवरून?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : फेरीबोटच. चिपळूणला वळसा घातला तर शंभरावर किलोमीटर पडतात. खाडी ओलांडायला थोडी मिनिटे लागतात आणि दाभोळहून दापोली अठ्ठावीस-तीस किलोमीटर. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून बाजूच्या स्टँडवर लावा आणि हँडल सोडू नका. धक्क्याला लागताना हिसका बसतो. उताराची फळी ओली असते, तिथे पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरते.

फजिती होते ती परतताना. जाताना धक्क्यावरच शेवटच्या फेरीची वेळ विचारा आणि तिच्या आधीची फेरी आपली समजा. सलग सुट्ट्यांत चारचाकींची रांग लागते, मुसळधार पावसात फेऱ्या उशिरा सुटतात किंवा बंदही राहतात. शेवटची चुकली तर रात्रीचा वळसा ठरलेला, म्हणून पेट्रोल दापोलीतच भरून निघा.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. तिला केशवराजऐवजी कुठे न्यावे? आणि हर्णैहून मासळी आणता येईल का?
— एक वाचक, खेड

उत्तर : आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. नावात कडा असला तरी गाडी वर देवळापर्यंत जाते. दापोलीहून रिक्षा करताना थांबण्याचे भाडे आधी ठरवा.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव चारच्या सुमारास सुरू होतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीसाठी जाऊ नका. लिलावात टोपल्या जातात. घरच्यापुरते हवे असेल तर लिलाव झाल्यावर कोळणींकडून वाटा घ्या. कल्ले उघडून बघा, लालबुंद हवेत. बोट दाबल्यावर मांस पुन्हा वर यावे. मासळी तिथेच साफ करून घ्या आणि थर्माकोलच्या खोक्यात खाली बर्फ, वर बर्फ अशी भरा. खोक्याचे झाकण चिकटपट्टीने सगळीकडून बंद करा. पाणी गळू लागले तर वाहक गाडीत घेत नाही, आणि त्याचे बरोबरच असते.