लिनक्सवर फोटो सांभाळायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि त्यात घातलेले टॅग पुढे टिकतील का?

विंडोज सोडून लिनक्सवर आलात, वर्षवार फोल्डरांत हजारो फोटो आहेत, पिकासासारखं (गूगलचं जुनं फोटो सॉफ्टवेअर) काही हवंय आणि उद्या तेही बंद पडलं तर टॅग वाया जाऊ नयेत, असं तुमचं म्हणणं आहे. पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात: डिजीकॅम. दुसऱ्या भागाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक लोक तो विचारतच नाहीत.

टॅग, स्टार, कॅप्शन ही माहिती एकतर सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये राहते, नाहीतर फोटोच्या फाइलमध्येच लिहिली जाते. गूगलने २०१६ मध्ये पिकासा गुंडाळलं, तरी जेपेगमध्ये लिहिलेले कॅप्शन आजही बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दिसतात. स्टार मात्र प्रत्येक फोल्डरातल्या एका लपलेल्या आयएनआय फाइलमध्ये ठेवलेले होते. ते इतर सॉफ्टवेअरना सहसा कळतच नाहीत.

म्हणून डिजीकॅम टाकल्यावर आधी सेटिंग्जमधला मेटाडेटा (फोटोबद्दलची माहिती) विभाग उघडा आणि टॅग, रेटिंग, कॅप्शन, चेहऱ्यांचे टॅग हे सगळं फाइलमध्ये लिहिण्याच्या खुणा करा. मग एका फोटोच्या कॉपीला टॅग लावून ती दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे जीथंबमध्ये किंवा एक्झिफटूलने, उघडून बघा. टॅग तिथे दिसला तरच पुढचे हजारो फोटो हातात घ्या. ही खूण आधी नसेल आणि बरंच काम झालेलं असेल, तर मेंटेनन्समध्ये डेटाबेस आणि मेटाडेटा जुळवण्याची सोय आहे. फक्त दिशा नीट बघा: डेटाबेसकडून फाइलकडे. उलटी निवडलीत तर फाइलमधली जुनी माहिती डेटाबेसवर चढेल.

मूळ फाइलला हात लावायचा नसेल, तर साइडकार वापरा, म्हणजे फोटोशेजारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल. रॉ फोटोंसाठी (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइल) मी हेच सुचवेन. बॅकअपलाही याचा फायदा होतो: टॅग बदलला की अख्खा फोटो पुन्हा कॉपी होत नाही, चिमुकली एक्सएमपी तेवढी जाते. साइडकार लिहिणं आणि वाचणं यांच्या खुणा वेगवेगळ्या आहेत, दोन्ही चालू ठेवा. आणि मग फोटो फाइल मॅनेजरमधून हलवायचे नाहीत, डिजीकॅममधूनच हलवायचे. नाहीतर फोटो जातो आणि साइडकार मागे राहते.

तुमची फोल्डररचना मोडायची गरज नाही. डिजीकॅममधला अल्बम म्हणजे डिस्कवरचा फोल्डरच. फोटो नेटवर्क ड्राइव्हवर असले तरी चालतील, पण डिजीकॅमचा एसक्यूलाइट डेटाबेस कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवरच ठेवा. नेटवर्कवर तो बिघडण्याचा धोका असतो.

चेहरे ओळखण्याची सोय आहे आणि ते काम तुमच्याच मशीनवर होतं, फोटो बाहेर कुठे जात नाहीत. त्यासाठीची मॉडेल्स मात्र एकदा डाउनलोड करावी लागतात. हजारो फोटोंचं स्कॅनिंग रात्री लावून झोपा. लहान मुलांच्या बाबतीत ते गोंधळतं, तिथे हातानेच नाव घालायची तयारी ठेवा.

डिजीकॅमचे मेनू बघून डोकं गरगरलं (गरगरतंच), तर शॉटवेल बघा. साधं आहे, फोटो तारखेनुसार आपोआप लावतं. पण त्यातही टॅग फाइलमध्ये लिहिण्याची खूण प्रेफरन्सेसमध्ये जाऊन स्वतः करावी लागते. शिवाय शॉटवेलमधले क्रॉप, रंग वगैरे बदल त्याच्या डेटाबेसमध्येच राहतात; सुधारलेला फोटो दुसरीकडे हवा असेल तर एक्स्पोर्ट करावा लागतो.

डार्कटेबलचं नाव तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. रॉ डेव्हलप करायला ते उत्तम आहे, पण मोबाइलमधले जेपेग लावून ठेवायला त्याची गरज नाही.