व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून शिरायचं आभासी जग) असंच सुधारत गेलं तर माणसं एकमेकांना भेटायची बंद होतील का?

मला नाही वाटत. माझा हेडसेट चार महिने कपाटावर धूळ खातोय. अर्धा तास घातला की कपाळावर वळ उठतो, चष्मा धुरकटतो आणि मळमळायला लागतं. डोळे म्हणतात आपण चाललोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो जागेवरच आहोत. हे भांडण अजून कुणाला पुरतं मिटवता आलेलं नाही. आयव्हन सदरलंड या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९६८ साली बनवलेलं असंच यंत्र छताला टांगावं लागायचं, ते आता चेहऱ्यावर मावतं, हे खरं. पण ॲपलचा व्हिजन प्रो हा हेडसेट २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला आला. तेवढ्यात इथे दोन स्कूटर येतात!

तुमच्या प्रश्नापेक्षा मला वेगळीच काळजी वाटते. एकदा आईला हेडसेट घातला. उंच इमारतीबाहेर काढलेल्या फळीवर चालायचा खेळ. आई उभी आमच्या हॉलमधल्या फरशीवर, आतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतायत, तरी एका हाताने निऱ्या घट्ट धरून, पायाची बोटं आवळून म्हणते, "धर रे मला, पडते मी." सगळं खोटं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पायांना कोण सांगणार?

याचा उपयोगही होतो. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेलं 'स्नोवर्ल्ड' हे बर्फाचं आभासी जग भाजलेल्या रुग्णांना मलमपट्टी बदलताना दाखवतात. बर्फात रमलेल्या मनाला वेदना कमी जाणवते. पण वेदना विसरायला लावणारी गोष्ट भीतीही तितकीच खरी करते. फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या 'होरायझन वर्ल्ड्स' या आभासी जगात बायकांच्या अवताराभोवती (तिथल्या त्यांच्या कार्टूनसारख्या रूपाभोवती) घोळका करून अंगचटीला येण्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा २०२२ च्या फेब्रुवारीत कंपनीला दोन अवतारांमध्ये सुमारे चार फुटांचं अंतर ठेवायची सोय करावी लागली. त्यावर "कार्टूनच तर आहे, काढायचा ना हेडसेट" म्हणणारे मला बरेच भेटले. मला प्रत्येक वेळी आईची ती आवळलेली बोटं आठवतात. कायदा, पोलीस, आपण सगळेच अजून "हात तर लावला नाही ना?" याच प्रश्नाशी अडलोय.

मुलांचं तर विचारूच नका. मेटाने २०२३ मध्ये पालकांच्या संमतीने हेडसेट वापरायची वयाची अट १३ वरून १० वर आणली. माझी भाची नऊ वर्षांची आहे, आणि कपाटावर काय ठेवलंय हे तिला माहीत आहे. फळीचा खेळ मी आधीच काढून टाकलाय.