ड्रम नसलेल्या बँडमधली ड्रमवाली

प्रिय लेकी,

तुमच्या ब्लूग्रास बँडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या तारवाद्यांच्या लोकसंगीताच्या, तालमीचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. गळे छान जुळलेत, फिडलवाला (म्हणजे व्हायोलिनवाला) तर चांगलाच तयार आहे. पण तुझं मँडोलिन क्षणभरही गप्प बसत नाही गं! गायिकेने श्वास घेतला रे घेतला की तू तिथे एक तुकडा घुसडतेस. रागावू नकोस. नॉर्थ कॅरोलायनात आलो त्या वर्षी मीही हेच करायचो. एकदा जॅममध्ये, म्हणजे एकत्र वाजवायच्या बैठकीत, गाणं संपल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या गिटारवाल्याने माझ्या तारांवर अलगद पंजा ठेवला आणि तसाच ठेवून पुढच्या गाण्याची लय मोजली. बोलला काहीच नाही. घरी पोचेपर्यंत माझे कान गरम होते.

तुमच्यात ड्रम नाहीत, म्हणजे ड्रमवाली तूच. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, तू दुसऱ्या आणि चौथ्या. याला चॉप म्हणतात. कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांवर) आघात केलास की डाव्या हाताची बोटं लगेच सैल सोड, तारांवरून उचलू मात्र नकोस. 'ठक्' एवढंच ऐकू यायला हवं, मागे गुंजन नको. जी कॉर्डचा चार बोटांचा आकार धर, करंगळी जाड तारेवर सातव्या फ्रेटला (पडद्याला). महिनाभर ती तुला शिव्या देईल. पण त्या आकारात एकही तार मोकळी नाही, त्यामुळे दोन फ्रेट वर सरकलीस की ए, चार सरकलीस की बी. गायिकेने ऐन वेळी पट्टी बदलली तर बँजोवाला कॅपो, म्हणजे पट्टी बदलायचा चिमटा, शोधत बसेल, तू तयार असशील.

(आईला सांगून ठेव, हा बँजो म्हणजे गिटारसारखं तारवाद्य, आपल्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी नव्हे. नाहीतर ती सोसायटीभर भलतंच सांगेल.)

आता ते रॉकचं गाणं. तुम्ही ते दुप्पट लयीत पळवलंत आणि त्याला ब्लूग्रास म्हणालात. वेग हा या संगीताचा एक भाग आहेच. ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या बँडमध्ये 1945च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज आला, त्याच्या तीन बोटांनी वाजवलेल्या बँजोने लोक थक्क झाले. पण मिश्रण कसं करतात ते ऐकायचं तर 'ओल्ड अँड इन द वे' हा बँड ऐक. 1973मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केलेलं त्यांचं ध्वनिमुद्रण आहे. ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा जेरी गार्सिया तिथे इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून बँजो घेऊन बसलाय. मँडोलिनवर डेव्हिड ग्रिसमन, गायला पीटर रोवन, फिडलवर व्हॅसर क्लेमंट्स. यातले शेवटचे दोघे मन्रोच्या हाताखाली वाजवून आलेले. 'वाइल्ड हॉर्सेस' हे रोलिंग स्टोन्सचं गाणं ते संथच ठेवतात. रॉकचं गाणं या वाद्यांवर आणि या गळ्यांत उतरलं, एवढ्यानेच ते त्यांचं झालं. ग्रिसमन गाण्याच्या ओळीखाली काय करतो, तेवढंच चार वेळा ऐक. सोलो नंतर.

आवाजाचा तोल मशीनवर सोडू नका. जुने बँड एकाच माइकभोवती उभे राहायचे. ज्याची पाळी तो पुढे यायचा, वाजवून झालं की मागे सरकायचा. पुढे येणं सगळ्यांनाच जमतं, माझी सगळी अडचण मागे सरकण्यात होती.

रोज पंधरा मिनिटं मेट्रोनोम (लय मोजणारं टिकटिक यंत्र) मिनिटाला 50 ठोक्यांवर लाव, पण ती टिकटिक पहिली मात्रा नाही, दुसरी आणि चौथी समज. सुरुवातीला पाय चुकेल. चुकू दे.

शनिवारच्या तालमीत फोन मधोमध ठेवून एकच गाणं रेकॉर्ड करा, काटछाट न करता पाठव. आणि तारा छेडायला जाड पिक घे. आत्ताचं फारच लवतंय, मला इथे खोलीत बसून ऐकू येतंय.

तुझा,
काका

ता. क. करंगळी फारच दुखली तर एक दिवस सुट्टी दे. दोन नको.