तीनशे कॉप्या आणि सोलापूरचं ऊन

मागच्या अंकात पंक आणि हार्डकोर, म्हणजे वेगवान, बंडखोर रॉक संगीत, यांच्या मोजक्या संख्येत निघणाऱ्या रेकॉर्डी आणि कॅसेटींवर लिहिलं होतं. त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न सोलापुरातून आले आणि मला खरंच लई बरं वाटलं. सगळे प्रश्न इथे बसणार नाहीत, पण जे फिरून फिरून विचारले गेले ते घेतोय.

प्रश्न : दादा, एका अमेरिकन हार्डकोर बँडची सात इंची रेकॉर्ड बघितली. फक्त ३०० कॉप्या, त्यातल्या १०० लाल रंगाच्या, आणि आता कुणीतरी ती चौपट भावाला विकायला काढलीय. हे लोक भाव वाढावा म्हणून मुद्दाम कमी काढतात काय ओ?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : संशय येणं साहजिक आहे, पण याची सुरुवात भाव वाढवायला झालेली नाही. आधी कारखान्याचं गणित समजून घे. रेकॉर्ड छापायची म्हणजे आधी मास्टर, म्हणजे मूळ तबकडी, कापायचा, त्याच्यावरून धातूचे साचे काढायचे, मग प्रेस लावायचा, आणि हा सुरुवातीचा खर्च तू शंभर काढ नाहीतर हजार काढ, तेवढाच येतो. म्हणजे कमी कॉप्या काढल्या तर एकेक कॉपी उलट महागच पडते. तरी कमी काढतात कारण बँडच्या खिशात तेवढेच पैसे असतात आणि घेणारेही तेवढेच असतात. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने १९७७ च्या जानेवारीत घरच्यांकडून, मित्रांकडून साधारण ५०० पौंड उसने घेऊन स्वतःची चार गाण्यांची रेकॉर्ड काढली, १००० कॉप्या. वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स बँडचं तर अजून भारी, बँड मोडला तेव्हा गल्ल्यात ६०० डॉलर जमलेले, ते वाटून घेण्याऐवजी त्या पोरांनी १९८० मध्ये डिस्कॉर्ड नावाचं लेबल, म्हणजे रेकॉर्डी काढणारी छोटी कंपनी, काढलं आणि स्वतःच्या मोडलेल्या बँडची रेकॉर्ड छापली, तीही हजारच, आणि कव्हरं स्वतः बसून कापली, दुमडली, गोंदाने चिकटवली. याच डिस्कॉर्डने पुढे कितीतरी रेकॉर्डींच्या कव्हरवरच पोस्टखर्चासकट किंमत छापली, म्हणजे मधल्या कुणी घेणाऱ्याला लुबाडू नये. मला ही गोष्ट या सगळ्या संगीतातली सगळ्यात मोठी वाटते, गाण्यांइतकीच.

रंगांचं वेड नंतर वाढलं. आणि सगळ्यात दुर्मिळ समजल्या जाणाऱ्या काही रेकॉर्डी तर ठरवून दुर्मिळ झालेल्याच नाहीत. न्यूयॉर्कच्या जज या बँडने अल्बम रेकॉर्ड केला, तो त्यांना आवडला नाही, त्यांनी तो परत पहिल्यापासून रेकॉर्ड केला, आणि आधीच्या न आवडलेल्या रेकॉर्डिंगच्या शंभराच्या आसपासच कॉप्या १९८९ मध्ये निघाल्या, त्याही ऑर्डर देऊन ताटकळत बसलेल्या लोकांना लेबलने दिल्या. आज त्या कॉपीसाठी लोक वाट्टेल तेवढे पैसे मोजतात.

आता काही लेबलं एकाच रेकॉर्डीचे चार-पाच रंग काढतात आणि एकाच माणसाने सगळे घ्यावेत अशी सोय करतात, ते मला अजिबात पटत नाही. तुला माझा सल्ला असा की चौपट भाव देऊ नको. आधी लेबलला मेल टाकून विचार की परत छापणार आहात का, बऱ्याचदा छापतात. नाहीतर साध्या काळ्या रंगाची कॉपी घे. गाणी तीच असतात, आणि तुझे पैसे बँडकडे जातात, विकणाऱ्याच्या खिशात नाही.

प्रश्न : मुलगा पुण्याला शिकतो. सुट्टीत आला की खोलीचं दार लावून नुसता आरडाओरडा लावतो आणि हातावर पेनने मोठी फुली काढतो. खर्चाच्या पैशातून असल्या रेकॉर्डी घेतो. काळजी वाटते, काही व्यसन तर लागलं नसेल ना?
— एक आई, अशोक चौक

उत्तर : ताई, ती फुली नेमकी उलटी गोष्ट सांगते. मघाशी सांगितलेले टीन आयडल्स सॅन फ्रान्सिस्कोला वाजवायला गेले तेव्हा ते वयाने लहान, म्हणून क्लबमध्ये त्यांना दारू मिळू नये यासाठी हातावर फुली मारली होती. तीच फुली त्यांनी अभिमानाने घेतली, रेकॉर्डीच्या कव्हरवरही फुली काढलेले हात आहेत. त्यातल्याच मुलांनी पुढे मायनर थ्रेट बँड काढला, त्यांचं १९८१ चं जेमतेम पाऊण मिनिटाचं गाणं दारू आणि नशेला नाही म्हणणारं आहे आणि त्यावरून जगभर हजारो पोरं निर्व्यसनी राहिली. मुलाला एकदा म्हणा, मला त्यातलं काय लिहिलंय ते वाचून दाखव. रेकॉर्डीत गाण्यांचे शब्द छापलेला कागद बहुतेक वेळा असतो. आवाजाचा त्रास होत असेल तर हेडफोन घ्यायला सांगा, पण काळजी करू नका.

प्रश्न : आमचं घर विजापूर रोडला, वरच्या मजल्यावर. एप्रिल-मेमध्ये खोलीची नुसती भट्टी होते. माझ्याकडे थोड्याच रेकॉर्डी आहेत पण त्यातल्या काही नंबर घातलेल्या, परत न मिळणाऱ्या. एकीला बाक आलाय. कुठं ठेवू आणि कशात ठेवू?
— बँकेत नोकरी करणारा वाचक

उत्तर : हा प्रश्न आपल्या गावाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. साधारण ६० अंशांच्या पुढे रेकॉर्डीचं विनाइल, म्हणजे ती ज्याची बनते ते प्लास्टिक, मऊ पडायला लागतं, पण वजनाखाली दाबलेली किंवा तिरकी टेकवलेली असली तर त्याच्या बरीच आधी ती आकार सोडते. सोलापुरात मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जातो, तेवढ्याने सावलीतल्या खोलीतली रेकॉर्ड वितळणार नाही. ती बिघडते ते उन्हाच्या तिरिपेने, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीने, स्लॅबखालच्या माळ्यावर आणि उन्हात लावलेल्या बंद गाडीत. पार्सल आणायला गेलात आणि येताना गाडीत ठेवून वाटेत जेवायला थांबलात, तेवढंसुद्धा पुरतं. कुरिअरवाल्याला दुपारी दारात टाकून जाऊ नको म्हणून सांगून ठेवा.

घरात सगळ्यात खालचा कप्पा निवडा, आतली भिंत, म्हणजे जिच्या पलीकडे ऊन नाही अशी. रेकॉर्डी उभ्याच ठेवायच्या, एकदम सरळ, फार कोंबायच्या नाहीत आणि फार सैलही नाहीत, कारण सैल ठेवल्या की त्या झुकतात आणि बाक तिथूनच येतो. सात इंची आणि बारा इंची एकत्र लावू नका, मोठीला अर्धाच आधार मिळतो. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला असेल तर नको. आणि आपल्याकडे पाणी काही रोज येत नाही, त्यामुळे घरोघर पिंप भरून ठेवलेलं असतं, त्या पिंपाच्या शेजारी किंवा टाकीच्या खाली कधीच नको, कव्हराचा पुठ्ठा ओल धरतो.

आता पिशवी. इथे बरेच लोक फसतात. चादर ज्या जाड, मऊ, चेनच्या पारदर्शक पिशवीत येते ना, ती रेकॉर्डीला बरोबर मापाची वाटते पण तिच्यात ठेवू नका, ती बहुतेक पीव्हीसीची असते. तिच्यातला मऊपणा आणणारा पदार्थ उन्हाळ्यात बाहेर येतो आणि रेकॉर्डीवर धुक्यासारखा डाग बसतो, तो धुऊनही जात नाही. ओळखायची कशी, तर हातात धरून चोळा, पीव्हीसी मऊ लागते, थोडी चिकटते आणि तिला वास असतो. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी पातळ असते, चुरगळली की कडकड वाजते, वास नसतो, शर्टाचं पॅकिंग असतं तशी. बाहेरून ही घ्या, आतून पॉलिथिनचं अस्तर असलेलं कव्हर घ्या. नुसत्या कागदी कव्हरात रेकॉर्ड आत-बाहेर करताना बारीक चरे पडतात. नवीन रेकॉर्ड जुन्या पीव्हीसी कव्हरात आली असेल तर आजच बाहेर काढा.

धुवायची असेल तर नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात आणि मग कायम चरचर ऐकू येते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठेही मिळतं, ते वापरा, मधल्या कागदी लेबलावर थेंब जाऊ देऊ नका.

आलेला बाक थोडा असेल आणि सुई न उडता वाजत असेल तर तशीच वाजवा. दोन काचांमध्ये घालून उन्हात ठेवायचा उपाय लोक सांगतात, कधी कधी बाक जातोही, पण खाचा सपाट होऊन आवाज मरतो. परत न मिळणाऱ्या रेकॉर्डीवर हा प्रयोग कृपा करून करू नका.

प्रश्न : मामा मस्कतला होते, त्यांच्या पेटीत बॅड ब्रेन्स या अमेरिकन हार्डकोर बँडची कॅसेट सापडली. लावली तर आवाज एकदम दबका, मध्येच येतो मध्येच जातो. आत बघितलं तर फेल्टचा तुकडा सुटून पडलाय. फेकू का?
— वाचक, साखर पेठ

उत्तर : अजिबात फेकू नका! बॅड ब्रेन्सचा पहिला अल्बम १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या रोर (ROIR) या लेबलकडून आला तोच मुळी फक्त कॅसेटवर, रेकॉर्ड नंतर. म्हणजे या अल्बमच्या बाबतीत कॅसेट हीच पहिली आवृत्ती. तुमची त्या वेळची आहे की नंतरची ते छपाईवरून कळेल, पण आधी ती वाचवू.

तो फेल्टचा तुकडा टेपला प्लेअरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. त्याच्या मागचा गोंद वयाने वाळतो, उन्हाने लवकर वाळतो, आणि तुकडा गळून पडतो. टेपला काहीही झालेलं नसतं. मंगळवार बाजारात जुन्या कॅसेटी मिळतात, कन्नड, तेलुगू, प्रवचनाच्या, लग्नाच्या, त्यातली पाच स्क्रूची एक घ्या. घेताना आतली टेप कोरी किंवा बिनकामाची आहे याची खात्री करा, कुणाच्या घरचं रेकॉर्डिंग असेल तर दुसरी उचला. पांढरा कपडा अंथरा, पंखा बंद करा. दोन्ही कॅसेटी आडव्या ठेवून स्क्रू काढा आणि वरचं झाकण सरळ वर उचला, तिरकं नाही, नाहीतर कोपऱ्यातले छोटे रोलर उडतात. आता टेप कुठून कुठे जाते त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मधोमध एक पातळ तांब्याच्या रंगाची पट्टी दिसेल, तिच्यावर फेल्ट असतं. दुसऱ्या कॅसेटीतली अख्खी पट्टी फेल्टसकट चिमट्याने उचलून तुमच्यात बसवा. गोंद लावायची गरजच नाही. टेपला बोट लावू नका. झाकण लावा, स्क्रू फार आवळू नका, आणि पेन्सिलीने दोन्ही चाकं फिरवून बघा, सहज फिरली की झालं.

तुमच्या कॅसेटला स्क्रूच नसतील, म्हणजे ती चिकटवलेली असेल, तर पातळ पात्याने शिवणीवरून हळूहळू उघडावी लागते आणि टेप दुसऱ्या स्क्रूवाल्या खोक्यात हलवावी लागते, जुनं खोकं आणि कागद मात्र जपून ठेवायचा. टेप तुटली तर साधा चिकटपट्टीचा तुकडा लावू नका, त्याचा गोंद पाझरून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो, स्प्लायसिंग टेप, म्हणजे टेप जोडायची खास पट्टीच लागते.

लावायच्या आधी प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि आधी एखादी साधी कॅसेट लावून बघा, प्लेअरच टेप खातोय का ते कळतं. मग मामांची कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा आणि पहिल्याच वाजवण्यात कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मामांना पण ऐकवा.

प्रश्न : मिसफिट्स या अमेरिकन पंक बँडची जुनी सात इंची ओरिजिनल म्हणून अडीच हजारात मिळतेय. घेऊ?
— वाचक, सात रस्ता

उत्तर : नको. मिसफिट्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींच्या नकला लई निघाल्यात आणि ओरिजिनल या भावाला मिळत नाही. विकणाऱ्याकडे शेवटच्या खाचेनंतरच्या रिकाम्या भागाचा फोटो मागा, तिथे कोरलेली अक्षरं आणि आकडे असतात, ते डिस्कॉग्ज या रेकॉर्डींची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर त्या आवृत्तीशी ताडून बघा. फोटो द्यायला टाळाटाळ केली की विषय संपला.

प्रश्न : सोलापुरात राहून हे जमवायचं कसं? दुकान तर एकही नाही. बाहेरून मागवलं की ड्युटी.
— बरेच वाचक

उत्तर : ड्युटी मालाच्या किमतीवरच नाही, पोस्टखर्च धरून लागते, म्हणून एक सात इंची मागवणं परवडतच नाही. चार-पाच जण मिळून एकाच लेबलकडून एकदाच मागवा, पोस्टखर्च वाटून जातो. मुंबईला जाणं होत असेल तर माहीमचं रिव्हॉल्व्हर क्लब हे रेकॉर्डींचं दुकान बघा, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार धुंडाळा, तिथे पंक क्वचितच, पण प्लेअर आणि सुटे भाग मिळतात. आणि आपल्या जवळचं आधी ऐका, मुंबईचे रायट पेडलर्स, डेथ बाय फंगाय, पॅसिफिस्ट हे बँड. असल्या बँडनी कॅसेट किंवा रेकॉर्ड काढली की थेट त्यांच्याकडूनच घ्या. पन्नास कॅसेटी काढणाऱ्या बँडला तुमची एक ऑर्डर म्हणजे पुढच्या रेकॉर्डिंगचे काही तास असतात.

प्रश्न : २०० पैकी एक रेकॉर्ड आहे, अजून प्लास्टिक फोडलेलं नाही. फोडलं तर किंमत उतरेल ना?
— कॉलेजची विद्यार्थिनी, होटगी रोड

उत्तर : थोडी उतरेल. तरी फोड. ते घट्ट प्लास्टिक आपल्या उन्हाळ्यात अजून आकसतं, कव्हराचे कोपरे ओढतं आणि आतली रेकॉर्ड वाकवतं, आणि तुला ते महिनोन् महिने कळणारही नाही. शिवाय आत चुकीची रेकॉर्ड निघाली किंवा छपाईतच दोष असला तर लेबल आत्ता बदलून देईल, दोन वर्षांनी नाही. कव्हराच्या उघड्या बाजूने नखाने चीर दे, ब्लेड नको. प्लास्टिकवर स्टिकर असेल तर तेवढा तुकडा कापून आत ठेव, नंबराचा कागद असेल तर तोही. मग एकदा दोन्ही बाजू पूर्ण ऐक आणि कुठे सुई अडकली, कुठे टकटक आली ते लिहून लगेच लेबलला कळव.