विमान कंपनी अडचणीत आली की तिथले कर्मचारी मॅनेजमेंटवर एवढे का चिडतात? थोडं सांभाळून घ्यायला काय हरकत आहे?

तुम्ही लिहिलंय की मेहुणा एका एअरलाइनमध्ये आहे, दोन महिने पगार उशिरा होतोय, घरी आला की नुसत्या साहेब लोकांना शिव्या घालतो आणि तुम्हाला वाटतं की कंपनीचे दिवस वाईट आहेत तर जरा सांभाळून घ्यावं माणसानं. घेतात हो. मी सात महिने घेतलंय.

मी सांगलीचा, सध्या कुपवाड एमआयडीसीत हायड्रॉलिकच्या एका वर्कशॉपमध्ये आहे, पण त्याआधी नऊ वर्षं मुंबईत एका विमान कंपनीत टेक्निशियन होतो, लाइन मेंटेनन्सला. म्हणजे विमान उतरलं की परत उडायच्या आत त्याचे टायर, ब्रेक, ऑइल, पायलटनं लॉगबुकात लिहिलेली तक्रार हे सगळं बघणारी माणसं. कंपनीचं नाव घेत नाही. किंगफिशर, जेट, गो फर्स्ट यातली नव्हती एवढं सांगतो, कारण लोक पहिला अंदाज तोच लावतात.

आता मुद्दा असा आहे की कंपनी बुडायला लागलीय हे आतल्या माणसाला मॅनेजमेंटच्या मेलवरनं कधीच कळत नाही, त्याच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. काउंटरवरच्या पोरींना कळतं रिफंड अडकायला लागले की, ड्रायव्हर लोकांना कळतं गाडीचं भाडं थकलं की, आणि आम्हाला कळतं स्टोअरमधनं. आधी पार्ट मागितला की तासाभरात हातात यायचा, तो 'उद्या' व्हायला लागतो, मग 'बघतो', आणि मग एक दिवस शिफ्ट इनचार्ज म्हणतो की त्या कोपऱ्यातल्या विमानाचा काढा आणि लावा. याला आमच्यात रॉबरी म्हणतात. चोरी नव्हे, चक्क कामातला शब्द आहे, रीतसर कागद करून करतात, नियमात बसतं, आणि चांगल्या दिवसांतही एखाद्या वेळी करावी लागते. पण रोज व्हायला लागली की समजून जायचं. आमच्याकडं एक विमान आठ दिवसांसाठी म्हणून उभं केलेलं, चार महिन्यांनी त्याच्या कॉकपिटमध्ये बघवत नव्हतं, नुसती भोकं आणि लोंबणाऱ्या वायरी. वर रॉबरी म्हणजे काम दुप्पट, इथनं काढा, तिथं लावा, टेस्ट करा, आणि नवीन पार्ट आलाच कधी तर परत तेच उलटं, आणि माणसं मात्र सोडून चाललेली, त्यांच्या जागा कोण भरत नाही.

आण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात फिटर होते. कुठल्या ते सोडा. एकदा सुट्टीला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी घरी आलो (स्टाफ तिकिटावर सिंगापूरला जाऊ शकत होतो पण सांगलीला नाही, कवलापूरचं विमानतळ होणार होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय) आणि चहा पिताना हे रॉबरीचं सांगितलं तर आण्णा बशी खाली ठेवून म्हणाले, "सुट्टं सामान येईना झालंय व्हय? मग वरीसभर. त्येच्या म्होरं न्हाई." त्यांच्या कारखान्यात पण एका पंपाचं बेअरिंग काढून दुसऱ्याला घालायची वेळ आलेली, पगार थकलेले, आणि गाळप मात्र चालू. पगार थकणं, उसाचं बिल थकणं यात आमच्या भागात कुणाला काय नवल नाही. पण मला आपलं वाटायचं, टाय लावून इंग्रजी बोलणाऱ्या कंपनीत असलं होत नसतंय.

तर पैसे नाहीत याचा राग एवढा नसतो. राग कशाचा असतो सांगतो. एका रात्री आमचं एक विमान दीड तास लेट झालं. विमान टकाटक, सही झालेली, सगळं ओके. लेट का, तर तेल कंपनीनं उधारी बंद केलेली, आधी पैसे टाका मग तेल, आणि ते पैसे कुठल्यातरी खात्यातनं वळवण्यात वेळ गेला. आणि आत अनाउन्समेंट काय, तर 'तांत्रिक कारणामुळे विलंब'. मी खाली उभा, आणि एक पॅसेंजर शिडीवरनं चढता चढता माझ्याकडं बघून म्हणाला, काय रे तुम्ही लोक वेळेत दुरुस्त्या पण करत नाही. काय सांगणार त्याला? तोंड उघडलं तर नोकरी जाणार. आणि त्याच्या पुढच्या महिन्यात रात्री पावणेबाराला मेल आला, की 'काही तांत्रिक कारणामुळे' पगार जमा व्हायला विलंब होतोय. तांत्रिक! अहो तांत्रिक म्हणजे आम्ही. विमान लेट झालं तरी आमच्या नावावर, आमचाच पगार लेट झाला तरी आमच्याच नावावर. त्या रात्री हँगरमध्ये अख्खी शिफ्ट तो मेल मोठ्यानं वाचून हसत होती, आणि त्या हसण्यानंतर कुणी साहेब लोकांचं काहीही खरं मानलं नाही.

दुसरं म्हणजे पैसे कुणाला आधी मिळतात हे आम्हाला समोर दिसतं. विमानं बहुतेक भाड्याची असतात, भाडं थकलं की मालक कंपनी विमान काढून घ्यायला बघते. तेलवाला तेल थांबवतो. एअरपोर्टवाले रोख मागतात. म्हणजे ज्याच्याकडं विमान थांबवायची ताकद आहे त्याला पैसे आधी, आणि ज्याचा पगार थांबवला तरी तो दुसऱ्या दिवशी ड्युटीवर येतो त्याला शेवटी. बिनव्याजी, बिनकागदाचं कर्ज आम्ही कंपनीला देत होतो आणि बँकेला निदान ऑफिसात बोलावून चहा तरी पाजतात. बरं थांबवायचं म्हटलं तर आम्हीही थांबवू शकतो, लायसन्सवाल्या इंजिनिअरच्या सहीशिवाय विमान हलत नाही. २०१२ च्या सप्टेंबर अखेरीस किंगफिशरच्या इंजिनिअर लोकांनी तेच केलं, कित्येक महिन्यांचा पगार थकलेला, काम बंद केलं, पायलटही त्यांच्यात आले, कंपनीनं टाळेबंदी जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, कंपनीचं लायसन्सच स्थगित केलं. म्हणजे सही न करणं हे हत्यार आहे पण ते चालवलं की पगार देणाराच जातो. म्हणून माणूस सही करत राहतो आणि घरी येऊन शिव्या घालतो. तुमचा मेहुणा तेच करतोय.

आता साहेब लोकांची बाजू, कारण सगळेच चोर नसतात. हा धंदाच विचित्र आहे, तिकीट विकायचं रुपयात आणि विमानाचं भाडं, इंजिनाची दुरुस्ती द्यायची डॉलरमध्ये, तेल महागलं की गणित कोलमडलं. २०२० ला २५ मार्चपासून २४ मेपर्यंत देशातली प्रवासी विमानं बंदच होती, तेव्हा कुठला मॅनेजर काय करणार होता? गो फर्स्टनं मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा कारण दिलं की इंजिनं बंद पडतायत आणि इंजिन बनवणारी कंपनी बदलून देत नाही. खरंखोटं कोर्टात. पण सांगायची पण एक पद्धत असते. मार्च २०२० मध्ये इंडिगोच्या सीईओनं पगारकपात जाहीर केली तेव्हा स्वतःचा २५ टक्के, मोठ्या अधिकाऱ्यांचा २०, पायलटचा १५, आणि सगळ्यात खालच्या लोकांना हात लावला नाही. पुढं जुलैत त्यांनी १० टक्के लोक कमी केले, ते वाईटच, पण निदान आकडा तारखेसकट समोर होता. कपात झालेला पगार परवडतो, माणूस भिशी मोडतो, सोनं गहाण टाकतो, पोराची फी पुढं ढकलतो. पण 'या आठवड्यात होईल' असं सहा आठवडे ऐकलं की काहीच ठरवता येत नाही, बायकोला पण खोटं सांगायला लागतं.

आमच्याकडं काय झालं, तर नाइट शिफ्टचं जेवणाचं कूपन बंद, सेफ्टी शूज मागितले तर 'पुढच्या क्वार्टरला', आणि त्याच महिन्यात वरच्या मजल्यावर एक सल्लागार कंपनी येऊन बसली. सुटाबुटातली पोरं हँगरमध्ये येऊन आम्हाला विचारायची की खर्च कुठं कमी करता येईल. आमच्यातला एक म्हातारा फोरमन म्हणाला, तुमच्यापासनं सुरुवात करा. ते कुठं लिहून घेतलं का माहीत नाही.

मला बाहेर काढलं ते मात्र पीएफनं. एक दिवस सहज पासबुक बघितलं तर पाच महिन्यांत एक रुपया भरलेला नाही, आणि पे-स्लिपवर कपात दर महिन्याला. म्हणजे उशिरानं का होईना जो पगार देत होते त्यातनंही माझे पैसे कापून वापरत होते. त्या रात्री राजीनामा लिहिला. बाकीचे पैसे दीड वर्षानं मिळाले, तेही दहा वेळा फोन करून.

म्हणून मेहुण्याला 'सांभाळून घे' म्हणण्यापेक्षा चार गोष्टी करायला लावा. पीएफचं पासबुक बघायचं, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पैसे भरायचे असतात. पे-स्लिपवर टॅक्स कापलाय तो इन्कम टॅक्सच्या साइटवर त्याच्या नावावर जमा दिसतो का बघायचं. अपॉइंटमेंट लेटर, पे-स्लिपा, पगार उशिराचे मेल घरच्या मेलवर ठेवायचे, कंपनीचा मेल एका रात्रीत बंद होतो. आणि उद्या कंपनी दिवाळखोरीत गेलीच तर फॉर्म डी भरून थकलेल्या पगाराचा क्लेम टाकायचा, कुणी घरी आणून देणार नाही. कंपनी मोडीत निघाली तर कामगार या व्याख्येत बसणाऱ्यांचा २४ महिन्यांचा पगार बँकांच्या बरोबरीनं धरतात, बाकी कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा आणि त्यांच्या खाली. वेळ लागतो. जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलं आणि सुप्रीम कोर्टानं कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला ७ नोव्हेंबर २०२४ ला. मधल्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, पीएफ-ग्रॅच्युइटी द्यावीच लागेल असं कोर्टानं म्हटलं, ते एक बरं झालं.

पासबुक मात्र तो सुट्टीला घरी आला की समोर बसूनच बघा, ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो, आणि फोनवर विचारलं तर 'सगळं ओके आहे' म्हणून टाळेल. मी पण टाळायचो.