वाचकांचे प्रश्न : उंच कार्यालयाच्या पायथ्याशी

पणजीच्या पाटो भागात आणि राज्यात इतरत्र उभ्या राहणाऱ्या बहुमजली कार्यालयांविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या घराजवळ एका कंपनीची नवी बहुमजली इमारत होऊ घातली आहे. फलकावरच्या चित्रात तळाशी झाडे, कारंजे, बाके आणि खेळणारी मुले दिसतात, आणि खाली ‘सर्वांसाठी खुला चौक’ असे लिहिले आहे. प्रत्यक्षात आम्हांला तेथे बसू देतील का, हे आताच कसे ओळखावे?
– एक निवृत्त शिक्षिका, पणजी

उत्तर : चित्र बाजूला ठेवून तळमजल्याचा मंजूर नकाशा पाहावा. तो सहजासहजी मिळाला नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली मागता येतो. नकाशात सर्वांत आधी गाड्यांची वाट शोधावी. आपल्याकडे इमारत खांबांवर उचलून खाली गाड्या लावण्याची पद्धत इतकी रुळली आहे की, ‘खुला तळमजला’ म्हणून जे दाखवले जाते ते बहुधा वाहनतळच असते. फाटकातून आत येणारी आणि बाहेर पडणारी गाडी चौकाला दोन ठिकाणी छेदत असेल, तर चित्रातली मुले तेथे खेळणार नाहीत. अग्निशमन बंबासाठी इमारतीभोवती मोकळी वाट ठेवावीच लागते. तीच वाट हिरव्या रंगात रंगवून ‘उद्यान’ म्हणून मोजली आहे का, हेही पाहावे, कारण बंबाच्या वाटेवर झाड लावता येत नाही आणि बाकही ठेवता येत नाही.

यानंतर बसायच्या जागा मोजाव्यात. या बाबतीत न्यूयॉर्कचा अनुभव बोलका आहे. तेथील ३८ मजली सीग्रॅम इमारत १९५८ साली पूर्ण झाली. वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोह यांनी ती पार्क अव्हेन्यूपासून मागे सारून पुढे ग्रॅनाइटचा मोकळा चौक सोडला. तो लोकांना आवडला, आणि १९६१ साली त्या शहराने नियमच केला की, बांधणाऱ्याने चौकासाठी एक चौरस फूट जागा सोडली तर त्याला एरवीच्या मर्यादेवर दहा चौरस फूट जादा बांधकाम मिळेल. बांधणाऱ्यांच्या दृष्टीने हा सौदा भलताच फायद्याचा होता. चौक भराभर झाले, परंतु त्यांतले कितीतरी उन्हात तापणारे, वाऱ्याने झोडपलेले आणि कोणी टेकू नये म्हणून कठड्यांवर लोखंडी टोके बसवलेले असे होते. शहरजीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी सत्तरच्या दशकात या चौकांचे तासन्‌तास चित्रीकरण केले, तेव्हा जेथे बसायची सोय असते तेथे माणसे बसतात, इतकी साधी गोष्ट त्यांना पुराव्यानिशी सिद्ध करावी लागली. त्यांच्या निरीक्षणांच्या आधारे १९७५ साली नियम सुधारले गेले आणि चौकाच्या दर तीस चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक सक्तीची झाली. तरीही २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा ५०३ जागांपैकी सुमारे ४१ टक्के जागा जेमतेम उपयोगाच्या ठरल्या. जागा सोडली म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांना हा आकडा दाखवावा.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे, ‘सर्वांसाठी खुला’ हे शब्द परवान्याच्या अटींत आहेत की केवळ फलकावर आहेत? न्यूयॉर्कमध्येच २०११ साली आंदोलकांनी झुकोटी पार्क या चौकात जवळजवळ दोन महिने तळ ठोकला. चौक खासगी मालकीचा होता, पण तो दिवसरात्र खुला ठेवण्याचे बंधन मालकावर होते, आणि म्हणूनच त्यांना पहिल्या रात्री हुसकावणे सोपे गेले नाही. आपल्याला आंदोलन करायचे नसून संध्याकाळी टेकायचे आहे, हे मी समजतो. तरी कायद्याचे तत्त्व दोन्हींना सारखेच लागू पडते. वेळ, प्रवेश आणि देखभालीची जबाबदारी परवान्यात नमूद नसेल, तर चौक खुला राहणे ही मालकाची मर्जी आहे.

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. वर्गात दाखवले जाणारे चौक परदेशातले असतात. गोव्यात चार महिने पाऊस पडतो, मग येथे असा चौक उपयोगाचा आहे का?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : उघडा चौक फारसा उपयोगाचा नाही, छपराखालचा चौक मात्र निश्चितच आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. शिवाय उंच इमारतीवर आदळलेला वारा भिंतीवरून खाली उतरतो, त्यामुळे तिच्या पायथ्याशी पाऊस सरळ न पडता आडवा येतो. आपण वहीत एक छेद काढून पाहावा. पाऊस ४५ अंशांनी येत असेल आणि छप्पर जमिनीपासून चार मीटर उंच असेल, तर कडेपासून आत चार मीटरपर्यंत जमीन भिजते. दिमाखासाठी तेच छप्पर आठ मीटरवर नेले, की आठ मीटर जागा गेली. कंपनीला भव्य प्रवेशद्वार हवे असते आणि वाटसरूला कोरडी जागा हवी असते. या भांडणात आपल्या जुन्या घरांची उतरत्या छपराची पडवी वाटसरूच्या बाजूने उभी राहते. पन्हळ डोक्याला लागेल की काय असे वाटण्याइतकी ती खाली उतरलेली असते, आणि म्हणूनच आषाढातही तिच्यातल्या सोप्यावर, म्हणजे बांधीव बैठकीवर, बसता येते.

फरशीबाबत विशेष दक्षता घ्यावी. चकाकणारा ग्रॅनाइट ओला झाला की वयस्क माणूस तेथे पाऊल टाकत नाही. भाजून खरबरीत केलेला ग्रॅनाइट चालतो. चिरा (जांभा दगड) आपला म्हणून सर्वत्र वापरण्याचा मोह होतो, पण सावलीत सतत ओलसर राहणाऱ्या जागी त्यावर शेवाळ धरते. तो भिंतीला आणि बैठकीच्या पायाला शोभतो. पाटोसारख्या सखल भागात, मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, तर गटारातले पाणी खाडीत जात नाही. त्यामुळे इमारतीचे जोते उंच घ्यावे लागते आणि चौक रस्त्यापासून तुटतो. ही उंची पायऱ्यांच्या एकाच भिंतीने न चढता लांब, सौम्य उतारांनी आणि बसता येतील अशा रुंद पायऱ्यांनी चढवणे हेच येथील खरे कौशल्य आहे.

नमुना पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. गोमंतकीय कुळातले वास्तुविशारद चार्ल्स कुरैया यांची कांपालची कला अकादमी ही कार्यालयाची इमारत नव्हे, पण रस्त्यावरून येणारा माणूस छपराखालून चालत मांडवीच्या काठी कसा पोचतो, हे तेथे उभे राहून मोजपट्टीने मोजावे. दिल्लीतील त्यांच्या जीवन भारती या आयुर्विमा महामंडळाच्या इमारतीत (१९८६) हाच विचार मोठ्या कार्यालयाला लावलेला दिसतो. तेथे इमारतीचे दोन भाग करून मधून पादचाऱ्यांना वाट दिली आहे.

प्रश्न : मी एका कंपनीत प्रशासन पाहतो. चौक खुला ठेवला तर फेरीवाले येतील, सुरक्षेचा प्रश्न निर्माण होईल, असे आमच्या संचालकांचे म्हणणे आहे. त्यांना काय सांगावे?
– एक वाचक, वास्को

उत्तर : सुरक्षेची रेषा फाटकावर न ठेवता लिफ्टच्या दालनाशी ओढावी, असे सांगावे. ओळखपत्र दाखवायचे ते तेथे. त्याच्या बाहेरचे सगळे गावाचे. हाँगकाँगमध्ये वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी बांधलेल्या एचएसबीसी बँकेच्या मुख्यालयाचा तळ १९८५ पासून खुला आहे. वर जाणारे सरकते जिने बँकेचे, खालची जमीन वाटसरूंची. रविवारी, सुटीच्या दिवशी, फिलिपिनो घरकामगार स्त्रिया तेथे चटया आणि पुठ्ठे अंथरून डबे खातात आणि गप्पा मारतात. बँकेचे त्यामुळे काही बिघडल्याचे दिसत नाही. सोमवारी सकाळी कामकाज सुरू होते.

फेरीवाल्यांविषयी म्हणाल, तर व्हाइट यांच्या निरीक्षणानुसार खाण्याची सोय माणसे आणते आणि माणसांची वर्दळ हीच मोठी राखण असते. चहाचा एक ठेला आणि संध्याकाळी रस-आम्लेटचा (रश्श्यासह आम्लेटचा) एक गाडा यांना पाणी, कचराकुंडी आणि ठरलेली जागा देऊन परवानगीने आत घ्यावे. त्यांना बाहेर ठेवले तर ते फाटकासमोरच्या पदपथावर उभे राहतील, आणि तुमचेच कर्मचारी चालत्या वाहनांत उभे राहून चहा पितील.

प्रश्न : आमच्याकडच्या एका प्रकल्पात तळाशी काहीच मोकळे नाही, पण गच्चीवर ‘सार्वजनिक बाग’ दिली आहे. ती चालते का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : सहसा चालत नाही. लंडनमधील २० फेनचर्च स्ट्रीट या इमारतीला परवानगी मिळताना माथ्यावरच्या बागेचा मोठा वाटा होता. ती २०१५ साली उघडली. प्रवेश विनामूल्य आहे, पण सहसा आगाऊ नोंदणी करावी लागते आणि तपासणीतून जावे लागते. त्यामुळे तिला सार्वजनिक म्हणावे का, यावर तेथे बरीच टीका झाली. ज्या जागेसाठी लिफ्टची रांग लावावी लागते, तेथे भाजीची पिशवी घेऊन घरी जाणारा माणूस पाच मिनिटे टेकायला जात नाही. आपण हरकत नोंदवणार असाल, तर बागेला विरोध करू नये. गच्चीवरचे क्षेत्रफळ तळाच्या मोकळ्या जागेच्या बदल्यात धरू नये, एवढीच मागणी लेखी करावी, आणि जिना, लिफ्ट व उघडण्याच्या वेळा अटींत नमूद करून घ्याव्यात.